अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक



आपल्या दुबलगुंडीत घरी मराठी बोलत असोत, कन्नड बोलत असोत की दखनी, तीन-चार वर्षांचे पोर सकाळी जिथे जाऊन बसते त्या जागेला सगळे एकच नाव देतात : अंगणवाडी. हा शब्द बंगळूरहून आलेला नाही आणि दिल्लीहूनही नाही. तो आला ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्हा) बोर्डी या समुद्रकाठच्या गावातून, आणि त्यामागे एक मराठी बाई होत्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक. आपल्या वार्तापत्रात दर वेळी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. या वेळी ताराबाईंना निवडण्यामागे आमचे एक कारणही आहे.

या सत्रापासून गुणपत्रिकेच्या मागच्या पानावर मुलाची उंची, वजन, डोळे-दात, वर्गातली वागणूक, मैत्री, रुसणे-घाबरणे अशा नोंदी ठेवायचे आम्ही ठरवले. त्यावर काही पालकांनी विचारले की मुलगा गणितात नापास होतोय, तर तो कोणाबरोबर डबा खातो हे लिहून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांला ताराबाईंच्या आयुष्यात जेवढे सापडले, तेवढे पुस्तकी व्याख्यानात सापडले नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. ज्या काळात विधवेने पुन्हा लग्न करणे म्हणजे जातीबाहेर पडणे होते, त्या काळातले हे घर. मुलीने शिकावे की नाही, असा वाद त्या घरात नव्हता. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले. ते टिकले नाही. १९२१ मध्ये दोघे कायद्याने वेगळे झाले, तेव्हा ताराबाईंच्या पदरात लहान मुलगी होती. घटस्फोटित बाईने एकटीने संसार उभा करणे आजही सोपे नाही, तेव्हा तर त्याला शब्दसुद्धा धड नव्हता. आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण पाठ्यपुस्तकातल्या थोर व्यक्ती जन्मल्यापासून शांत आणि यशस्वी असतात असा मुलांचा समज होतो.

राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. मानाची जागा होती आणि पगारही निश्चित होता. तिथे असताना त्यांच्या कानावर भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचे नाव आले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारात असताना इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची पुस्तके त्यांच्या हाती पडली, वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांचे बालमंदिर सुरू झाले. मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर होत्या. रोग्याला औषध देण्याआधी तपासावे, तसे मुलाला शिकवण्याआधी पाहावे, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. शिक्षकाने कमी बोलावे, बाजूला बसावे, मूल कशाला हात लावते, कशावर किती वेळ रमते, कुठे कंटाळते हे टिपावे. छडी आणि घोकंपट्टीच्या त्या दिवसांत असा शिक्षक कामचुकार वाटला असेल!

१९२३ मध्ये ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि भावनगर गाठले. पुढची सुमारे नऊ वर्षे त्या तिथे होत्या. मराठी बाई, पण सगळे काम गुजरातीत. आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. १९५६ साली आपला बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला तेव्हापासून एका भाषेत घर आणि दुसऱ्या भाषेत कचेरी ही आपली रोजची कसरत आहे. पण भावनगरला समोर लहान मूल होते. मुलाची भाषा आली नाही तर त्याचे रडणे फक्त ऐकू येते, ते का रडते हे कळत नाही. ताराबाई गुजरातीत लिहूही लागल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि त्यांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाचे संपादनही त्यांनी बरीच वर्षे केले. १९३२ च्या सुमारास त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

इथपर्यंतच्या ताराबाई मोठ्या होत्याच, पण त्यांच्या शाळेतले मूल साधारणपणे न्हाऊन, जेवून, स्वच्छ कपडे घालून येणारे होते. आईवडील शिकलेले, घरात पुस्तक असलेले. अशा मुलाचे निरीक्षण करणे, खरे सांगायचे तर, त्या मानाने सोपे. आमच्या मते ताराबाईंची खरी परीक्षा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुरू झाली. ज्या वयात आपल्याकडे माणसे निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात त्यांनी शहर सोडले.

गांधीजींच्या नई तालीममध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांचाही विचार होता. मॉन्टेसरीची साधने महाग. गरीब देशातल्या सात लाख खेड्यांना ती परवडणार कशी? १९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हेही लक्षात ठेवावे. ज्या पाड्यांवर त्या जाणार होत्या तिथल्या माणसांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे होते. सोबतीला होत्या पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ. अनुताई जन्माने मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. १९४५ मध्येच एका शिबिरात दोघींची भेट झाली होती. काही थोडे दिवस मदत करावी म्हणून आलेल्या अनुताई सत्तेचाळीस वर्षे, १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्या कामात राहिल्या.

बोर्डीत केंद्र उघडले, साधने मांडली. सुखवस्तू घरांतली मुले आली. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप होता ती, गावाच्या कडेच्या वस्तीतली आणि पाड्यावरची मुले येईनात. अशा वेळी आपण काय म्हणतो ते पाहा. लोक अडाणी आहेत, पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही, पोरे उनाड आहेत. शाळेच्या हजेरीपटावर एक रेघ मारली की विषय संपतो. ताराबाई आणि अनुताई उठून वस्तीत गेल्या. मूल शाळेत येत नाही, तर सकाळी ते करते काय, हे पाहायला.

तिथे दिसले ते असे. आई-बाप पहाटेच मजुरीला जातात. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन दारात बसलेली असते. अंगावर चिंधी, त्या अवस्थेत चांगल्या कपड्यांतल्या मुलांमध्ये जाऊन बसायची लाज. डोक्यात उवा, अंगावर खरूज, पोटात काही नाही. आणि आपली बोली शाळेतल्या बाईंना कळत नाही याची भीती. म्हणजे शरीराचे कारण, मनाचे कारण आणि समाजाचे कारण, तिन्ही एकाच उंबऱ्यावर बसलेली. मूल बुद्धीने मागे नव्हतेच.

मग शाळाच अंगणात गेली. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, काही खायला द्यायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी लाकडी ठोकळ्यांच्या जागी समुद्रावरचे शिंपले, खडे, बिया, पाने, माती. मोठा-लहान, जड-हलका, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे शिंपल्यांवरही शिकता येते, किंमत शून्य. ज्या बालवाडीत मुले येतात ती मध्यवर्ती बालवाडी, आणि जी स्वतः मुलांकडे जाते ती अंगणवाडी. नाव कसे पडले ते आता वेगळे सांगायला नको.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे शाळकरी वयाच्या मुलांचा प्रश्न अधिक टोकदार होता. पाच-सहा वर्षांचे मूल घरच्यांना कामाचे वाटू लागते. गुरे राखणे, धाकट्याला सांभाळणे ही त्याची नोकरीच. ताराबाईंनी दोन उपाय केले, आणि आम्हांला ते दोन्ही आजही ताजे वाटतात. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा हे तिन्ही एकाच आवारात आणले. त्याला विकासवाडी म्हणत. ताईने कडेवरच्या भावाला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. आणि जी मुले गुरांमागे कुरणात जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेला. ती कुरणशाळा. गुरे चरताहेत, झाडाखाली अक्षरे चाललीत, खड्यांनी बेरीज चालली आहे. गुराख्याचे पोर वर्गात ढ दिसते. रानात तेच पन्नास झाडांची नावे सांगते. ते ढ आहे की वर्गाची जागा चुकली आहे, हे पाहायला माणसाला कुरणात जावे लागले.

मधल्या काळात, १९४६ ते १९५१, ताराबाई मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होत्या. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. आमचे एक मत नोंदवतो. नाव सगळीकडे गेले, वजनकाटा आणि पोषण आहारही गेला, पण बाजूला बसून मूल न्याहाळण्याची सवड त्या सोबत गेली नाही. हा सेविकांचा दोष नाही. इतकी रजिस्टरे भरायची तर मुलाकडे पाहायचे कधी?

आता आपल्या गुणपत्रिकेच्या मागच्या पानाकडे. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होते आणि दोन-तीन किलोने वजन वाढते. एकदा मोजून काही कळत नाही, दर सहा महिन्यांनी मोजून वाढ थांबली आहे का ते कळते. मुली दहा-अकराव्या वर्षी एकदम उंच होऊ लागतात, मुलगे साधारण दोन वर्षे मागून. पाचवी-सहावीत म्हणूनच मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. त्यावरून चिडवणारे आणि त्यामुळे पोक काढून चालणाऱ्या, दोन्ही आपल्याकडे आहेत. पुस्तक नाकाशी धरणारा, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारा, हा आधी डोळे तपासण्याचा विषय आहे, मग रागावण्याचा. सात-आठ वर्षांच्या मुलाला जिवलग मित्र लागतो. मधल्या सुटीत सलग पंधरा दिवस एकटे बसणारे मूल शांत स्वभावाचे आहे असे म्हणून सोडू नये.

आमची चूकही सांगून टाकतो. गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी पहिल्या तासाला डुलक्या घेई. आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. आम्ही शेऱ्यात आळशी आणि अनियमित असे दोन शब्द लिहिले आणि मोकळे झालो. वेळा अमावस्येला सगळे गाव शेतात जाते, शाळा रिकामी असते, त्या दिवशी आमच्यापैकी दोघे एका पालकांच्या आमंत्रणावरून शिवारात गेलो. कोपीपुढे पूजा झाली, भज्जी आणि आंबील झाले. शेजारच्या रानात तीच मुलगी दिसली. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, दुसऱ्या हाताने पाण्याची घागर सावरत होती. बोलता बोलता तिच्या आईने सांगितले की तुरीची रास संपेपर्यंत पहाटे पाचला घर सोडावे लागते, मागे सगळे हीच पाहते. डुलक्यांचा हिशेब लागला. गैरहजेरीचे दोन दिवस म्हणजे आजीला बरे नसण्याचे दिवस.

आम्ही शेरा खोडला. खोडून जागा भरत नाही हे खरे, म्हणून एवढे केले की आजी आजारी असेल त्या दिवशी भावाला घेऊन यायला तिला सांगितले. पहिले चार दिवस वर्गात गोंधळ झाला. एका पालकांनी तक्रारही केली, तीही खोटी नव्हती. पोर रडले की पाढे थांबतात. आता शाळेच्या ओसरीचा एक कोपरा चटई टाकून वेगळा करावा, शेजारच्या अंगणवाडीच्या वेळा आपल्या वेळांशी जुळवून घेता येतील का ते विचारावे, असा अर्ज विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. बैठक पुढच्या महिन्यात आहे. ज्या पालकांकडे जुनी पण धड चटई किंवा लाकडी खेळणी असतील त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावीत. ती मुलगी आता पाचवीत आहे, आणि या सहा महिन्यांत तिची उंची दोन सेंटिमीटर वाढली आहे.