यल्लाप्रगडा सुब्बाराव : संदर्भोल्लेखांच्या मोजणीत न मावलेला रसायनशास्त्रज्ञ

देशातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी डायएथिलकार्बामाझिन हे औषध वाटले जाते. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या उपचारात मेथोट्रेक्सेटचा वापर होतो. ही तिन्ही औषधे ज्या प्रयोगशाळेतून साकारली, तिचे नेतृत्व एका भारतीयाकडे होते. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव.

संशोधकाची योग्यता ठरविताना त्याचे किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, हे पाहण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. या मापाने पाहिले तर सुब्बाराव यांचा सर्वांत गाजलेला निबंध वरीलपैकी कोणत्याही औषधावरचा नाही. तो आहे १९२५ साली प्रसिद्ध झालेला, द्रावणातील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा. त्यांचे जीवनकार्य आणि त्यांच्या नावावर जमा झालेले संदर्भ यांतील हे अंतर आजच्या संशोधनविश्वालाही विचार करायला लावणारे आहे.

भीमावरम ते बोस्टन

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. हे गाव आता आंध्र प्रदेशात आहे. घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत त्यांचे मन रमत नसे. किशोरवयात ते घर सोडून वाराणसीला निघाले होते. तेथे यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवावेत असा त्यांचा बेत होता. मात्र वाटेतूनच त्यांना परत आणण्यात आले. पुढे मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयानंतर त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. रामकृष्ण मिशनच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता, आणि गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेने तेही भारावले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी खादीचा अंगरखा वापरण्यास सुरुवात केली. शल्यचिकित्सेच्या ब्रिटिश प्राध्यापकांना ही गोष्ट रुचली नाही. परिणामी, पूर्ण एम.बी.बी.एस. पदवीऐवजी त्यांना एल.एम.एस. ही दुय्यम अर्हता देण्यात आली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दारही त्यांच्यासाठी उघडले नाही. अखेर मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापक म्हणून ते काम करू लागले.

याच काळात त्यांच्या दोन भावांचा अल्पावधीत संग्रहणीने मृत्यू झाला. स्वतः सुब्बाराव यांनाही हा विकार जडला होता. त्यातून डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले. या आजारावर नेमके औषध का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. सासरच्या मंडळींनी व एका धर्मादाय संस्थेने केलेल्या साहाय्यावर, १९२० च्या दशकाच्या प्रारंभी ते अमेरिकेला रवाना झाले. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. या दांपत्याची पुन्हा भेट झाली नाही.

निळ्या रंगाची मोजणी

बोस्टनला पोहोचल्यावर त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात उष्ण कटिबंधातील रोगांविषयीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. चरितार्थासाठी रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामेही केली. त्यानंतर हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातील जीवरसायनशास्त्र विभागात त्यांना काम मिळाले. तेथे सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांचे संशोधन सुरू झाले.

रक्त, मूत्र आणि शरीरातील ऊतींमध्ये फॉस्फरस किती आहे, हे अचूक व त्वरेने मोजता येणे त्या काळी अवघड होते. फिस्के आणि सुब्बाराव यांनी यासाठी एक सुटसुटीत पद्धत तयार केली. नमुन्यातील फॉस्फेटचा आम्लयुक्त द्रावणात मॉलिब्डेटशी संयोग घडवून आणायचा आणि नंतर एका क्षपणकाच्या साहाय्याने त्याला निळा रंग आणायचा, असे तिचे स्वरूप होते. फॉस्फरस जितका अधिक, तितका रंग गडद. रंगाची ही तीव्रता रंगमापक यंत्राने मोजली की फॉस्फरसचे प्रमाण कळते.

या पद्धतीचे वर्णन करणारा निबंध १९२५ मध्ये अमेरिकेतील जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगभरातील रुग्णालये आणि प्रयोगशाळांनी ती पद्धत स्वीकारली. ज्याने ज्याने फॉस्फरस मोजला, त्याने त्याने या निबंधाचा संदर्भ दिला. त्यामुळे पुढील अनेक दशके हे संदर्भ साचत गेले. विसाव्या शतकातील सर्वाधिक संदर्भित निबंधांत तो गणला जातो.

स्नायूंतील ऊर्जेचा शोध

नवी पद्धत हाती आल्यावर या दोघांनी स्नायूंतील फॉस्फरस मोजण्यास प्रारंभ केला. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. निळा रंग एकदम न येता हळूहळू गडद होत होता. स्नायूंत फॉस्फेटचे एखादे नाजूक संयुग असावे व ते आम्लात तुटून फॉस्फेट सावकाश मोकळे होत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे संयुग म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. १९२७ मध्ये त्याविषयीची माहिती सायन्स या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्येही त्याच वर्षी एगलटन दांपत्याने हे संयुग स्वतंत्रपणे शोधले होते.

दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, फिस्के आणि सुब्बाराव यांनी एटीपी अर्थात ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट या संयुगाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. सजीवांच्या पेशींमध्ये ऊर्जेची देवघेव ज्या संयुगामार्फत होते, ते हेच. जर्मनीतील कार्ल लोमान यांचा याच शोधाविषयीचा निबंध त्याच वर्षी काही आठवडे आधी छापला गेला. त्यामुळे या शोधाचे श्रेय दोन्ही गटांना दिले जाते. स्नायूंच्या हालचालीस लॅक्टिक आम्ल कारणीभूत असते, या त्यावेळच्या मान्यताप्राप्त सिद्धांताला या दोन संयुगांच्या शोधांमुळे मुरड घालावी लागली.

१९३० मध्ये सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. मात्र तेथे कायमस्वरूपी पद त्यांना कधीच लाभले नाही. पुढे १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले जॉर्ज हिचिंग्ज हे त्या काळी याच विभागात विद्यार्थी होते. सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही न्यूक्लिओटाइडे फिस्के यांच्यामुळे प्रकाशात येऊ शकली नाहीत आणि नंतर इतरांना ती नव्याने शोधावी लागली, असे मत हिचिंग्ज यांनी व्यक्त केले होते. जे छापलेच गेले नाही, त्याचा संदर्भ अर्थातच कोणी देऊ शकत नाही.

पर्ल रिव्हरची प्रयोगशाळा

१९४० मध्ये सुब्बाराव यांनी हार्वर्ड सोडले. न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषधनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले आणि लवकरच तेथील संशोधन विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि वैद्यक यांना एकत्र आणून त्यांनी अनेक दिशांनी काम सुरू केले.

यांपैकी पहिले काम फॉलिक आम्लाचे. या शोधाच्या पूर्वेतिहासात मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रिटिश वैद्यक ल्युसी विल्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. यीस्टच्या अर्कातील एखाद्या घटकामुळे हा विकार बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. तो घटक कोणता, हे मात्र अज्ञात होते. सुब्बाराव यांच्या गटाने यकृतापासून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले आणि १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयारही केले. संग्रहणीच्या उपचारातही फॉलिक आम्ल गुणकारी ठरले. ज्या आजाराने दोन भाऊ हिरावून नेले होते, त्यावरील एक औषध अशा रीतीने त्यांच्याच प्रयोगशाळेतून आले. फॉलिक आम्लाच्या निर्मितीचे वृत्त देणाऱ्या निबंधावर अनेक सहकाऱ्यांची नावे आहेत. सुब्बाराव यांचे नाव त्या ओळीत मध्येच कोठेतरी आहे.

दुसरे काम कर्करोगाशी संबंधित होते. बोस्टनचे बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगात फॉलिक आम्लाच्या क्रियेला विरोध करणारी द्रव्ये हवी होती. लेडर्लेतील रसायनशास्त्रज्ञांनी अशी द्रव्ये तयार करून त्यांना पुरविली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध दिल्यानंतर सोळापैकी दहा मुलांच्या प्रकृतीत काही काळ सुधारणा झाली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा वृत्तांत कर्करोगावरील रासायनिक उपचारांच्या इतिहासातील एक टप्पा मानला जातो. मेथोट्रेक्सेट हे याच मालिकेतील पुढचे औषध. फार्बर यांच्या त्या निबंधाच्या लेखकांमध्ये सुब्बाराव नाहीत. द्रव्ये पुरविणारे म्हणून त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा उल्लेख मजकुरात येतो, परंतु अशा उल्लेखांची मोजणी संदर्भोल्लेखांत होत नाही.

हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिनची उपयुक्तता १९४७ मध्ये जाहीर झाली. त्या निबंधात सुब्बाराव यांचे नाव सर्वांत शेवटी आहे. टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक ऑरिओमायसिन हेही याच प्रयोगशाळेचे. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डुग्गर यांनी ते मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळविले आणि १९४८ मध्ये एकट्याच्याच नावाने त्याविषयी निबंध लिहिला. प्रत्यक्ष काम करणाऱ्या सहकाऱ्यांची नावे पुढे यावीत, अशी सुब्बाराव यांची रीत होती.

ऑरिओमायसिनची घोषणा झाल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, झोपेतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. इतकी वर्षे अमेरिकेत राहूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नव्हते.

मोजणीची फूटपट्टी

सुब्बाराव यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १९५५ मध्ये, यूजीन गारफिल्ड यांनी विज्ञानातील संदर्भोल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली. गारफिल्ड हेही मूळचे रसायनशास्त्राचेच पदवीधर. एखाद्या निबंधाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला, हे शोधता यावे हा त्यांचा मूळ हेतू होता. १९६४ मध्ये ही सूची नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागली. फॉस्फरसच्या पद्धतीवरील जुना निबंध किती प्रयोगशाळांत उपयोगी पडतो आहे, हे या सूचीमुळेच आकड्यांत दिसू लागले.

परंतु छापील सूचीत संदर्भित निबंधांची नोंद केवळ पहिल्या लेखकाच्या नावाखाली होत असे. त्यामुळे १९२५ च्या निबंधाचे हजारो संदर्भ फिस्के या नावापुढे जमा होत गेले. त्यातच सुब्बाराव यांचे नाव निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या प्रकारे लिहिले जात असे. संगणकीय सूचींत आता सर्व लेखकांची नावे शोधता येतात, पण एकाच व्यक्तीच्या नावाची अनेक रूपे जुळविण्याची अडचण अजूनही पुरती दूर झालेली नाही.

अधिक महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. पद्धतीचे वर्णन करणाऱ्या निबंधाचा संदर्भ प्रत्येक वापरकर्ता देतो. मोठा शोध मात्र लवकरच पाठ्यपुस्तकात जाऊन बसतो आणि मग त्याचा मूळ निबंध कोणी उद्धृत करत नाही. एटीपीवर लिहिणारा आजचा संशोधक १९२९ च्या निबंधाचा उल्लेख क्वचितच करतो. जगातील सर्वाधिक संदर्भित निबंधही एका मापनपद्धतीचाच आहे. प्रथिने मोजण्याविषयीच्या ऑलिव्हर लोवरी यांच्या १९५१ मधील त्या निबंधाला २०१४ पर्यंत तीन लाखांहून अधिक संदर्भ लाभले होते. तो आपला श्रेष्ठ निबंध आहे, असे खुद्द लोवरी यांनाही वाटत नव्हते.

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. एखाद्या संशोधकाच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील, पण अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक दहा. हा निर्देशांक निबंधांच्या संख्येपेक्षा कधीच अधिक असू शकत नाही. एकच निबंध हजारो वेळा उद्धृत झाला तरी त्याने निर्देशांकात एकाचीच भर पडते. औषधांची एकस्वे, सहकाऱ्यांना दिलेली दिशा आणि वाचलेले प्राण यांना या गणितात स्थान नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या नियुक्ती व बढतीसाठी गुणांकन पद्धत आणली. पुढे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतही प्रकाशने आणि संदर्भोल्लेख यांना स्थान मिळाले. निवडीत वशिल्याला आळा बसावा यासाठी आकड्यांचा आधार उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र आकडा हा संशोधकाच्या कामाचा एक पुरावा आहे, संपूर्ण निवाडा नव्हे. निवड समितीने निबंध वाचून, त्यांतील प्रत्येकाचा वाटा तपासून निर्णय घ्यावा, ही अपेक्षा जगभरातील अनेक वैज्ञानिक संस्थांनीही मान्य केली आहे.

सुब्बाराव यांच्या स्मरणार्थ एका बुरशीच्या प्रजातीला सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. त्यांच्या नेतृत्वाखाली साकारलेली फॉलिक आम्ल, मेथोट्रेक्सेट आणि डायएथिलकार्बामाझिन ही तिन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट आहेत. ज्या रुग्णांना ती मिळतात, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी सुब्बाराव हे नाव ऐकले असेल.