डॉप्लर : ताऱ्यांपासून हृदयापर्यंत

डॉप्लर इफेक्ट आपण बारावीतच शिकलो. स्टेशनात न थांबणारी गाडी जवळ येताना तिच्या शिट्टीचा सूर चढा लागतो आणि पुढे निघून गेली की तोच सूर एकदम उतरतो. त्यावरची गणितं सोडवली, मार्क घेतले आणि विसरलो. पण ज्याच्या नावाने आपण मार्क घेतले तो डॉप्लर कोण होता, हे कुणी सांगितलंच नाही. त्याची गोष्ट आपल्यासारख्यांनी वाचावी अशी आहे.

ख्रिश्चन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा. घराणं पाथरवटांचं, दगडाच्या कामात नाव कमावलेलं. पोरगा मात्र तब्येतीने नाजूक. छिन्नी-हातोडा याला झेपणार नाही हे घरच्यांनी ओळखलं. गणितात डोकं चालत होतं म्हणून त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवलं. शिक्षण झालं, तिथेच चार वर्षं असिस्टंटची तात्पुरती नोकरीही झाली. पुढे मात्र सगळं अडलं. अर्जावर अर्ज, स्पर्धापरीक्षांवर परीक्षा, पण कायमची जागा काही मिळेना. शेवटी हा गणिती सूतगिरणीत हिशेब लिहायला बसला. तब्बल दीड वर्ष!

१८३५ मध्ये तो इतका वैतागला की सामानसुमान विकून अमेरिकेला जायला निघाला. म्युनिकला अमेरिकन वकिलातीपर्यंत पोचलासुद्धा. तेवढ्यात प्रागच्या एका तांत्रिक शाळेतून नोकरीचं बोलावणं आलं आणि गडी परत फिरला. १८४१ मध्ये तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रोफेसर झाला. तिथे शेकडो पोरांच्या परीक्षा घेता घेता बिचाऱ्याची तब्येत आणखी खालावली. वर पोरांनी हे सर फार कडक आहेत म्हणून तक्रार केली आणि चौकशी लागली ती वेगळीच. म्हणजे ही परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची!

याच धबडग्यात २५ मे १८४२ रोजी त्याने प्रागच्या विज्ञान सभेत जोडताऱ्यांच्या रंगांवर एक निबंध वाचला. ऐकायला जेमतेम मूठभर लोक होते. लाटा सोडणारा किंवा त्या झेलणारा हलत असेल तर लाटांची वारंवारता बदललेली जाणवते, हा त्यातला मुद्दा. १८४५ मध्ये हॉलंडच्या बाइज बॅलटने त्याची परीक्षा घेतली. रेल्वेच्या उघड्या डब्यात वाजंत्री बसवले आणि सुरांचा कान असलेले संगीतकार रुळाशेजारी उभे केले. नियम खरा ठरला.

गंमत म्हणजे डॉप्लरचं मूळ उदाहरणच चुकलं होतं. तारे तांबडे-निळे दिसतात ते त्यांच्या तापमानामुळे, वेगामुळे नव्हे. म्हणजे नियम बरोबर आणि उदाहरण चूक. १८५० मध्ये तो व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक झाला. पुढे वाटाण्यांचे प्रयोग करून गाजलेला मेंडेल तिथेच त्याचा विद्यार्थी होता. पण १८५२ मध्ये पेट्झवाल नावाच्या बड्या गणितज्ञाने भर सभेत त्याच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. तोवर फुप्फुसाच्या आजाराने डॉप्लरला पुरतं पोखरलं होतं. हवापालट म्हणून तो व्हेनिसला गेला आणि तिथेच १७ मार्च १८५३ रोजी वारला. वय अवघं ४९. मागे बायको आणि पाच मुलं.

गोष्ट इथे संपत नाही. शंभर वर्षांनी, १९५० च्या दशकात जपानमध्ये सातोमुरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच नियम अल्ट्रासाउंडला लावून छाती न उघडता हृदयाची हालचाल टिपली. इथे रुळावरची गाडी म्हणजे रक्तातल्या पेशी!

आपल्या आजीचंच उदाहरण घ्या. जिना चढताना धाप लागते, पायावर सूज येते. घरातले म्हणतात, वय झालं आता. कधी कधी ते वय नसतं, हृदयाची उजवी बाजू थकलेली असते. ही बाजू फुप्फुसांना रक्त पुरवते. तिला कमी दाबावर काम करायची सवय. उतारवयात हृदयाची डावी बाजू ताठर झाली किंवा फुप्फुसं बिघडली की उजवीवरचा भार वाढतो. पूर्वी हा दाब मोजायचा तर शिरेतून हृदयापर्यंत नळी घालावी लागे. आता बहुतेक वेळा टू-डी एकोवर अंदाज मिळतो. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतून थोडंसं रक्त उलटं गळतं. त्याचा वेग डॉप्लरने मोजायचा. समजा तो सेकंदाला ३ मीटर निघाला. लाटा २ मेगाहर्ट्झच्या असतील तर वारंवारतेत सुमारे ७.८ किलोहर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे कानाला ऐकू येईल एवढा. मग आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समधला बर्नुली येतो. वेगाचा वर्ग गुणिले ४, म्हणजे ३६ मिलिमीटर पारा. हा झाला दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक. त्यात वरच्या कप्प्याचा दाब मिळवला की खालच्याचा मिळतो. शिवाय प्रत्येक ठोक्याला झडपेची कड किती सरकते तेही बघतात. १७ मिलिमीटरपेक्षा कमी सरकली तर पंप कमजोर झाल्याची शंका घ्यायची. निरोगी माणसातही वयानुसार दाब थोडा वाढतोच, म्हणून डॉक्टर एकाच आकड्यावर निकाल देत नाहीत. पण वय झालं म्हणून सोडून दिलेल्या माणसावर उपचार करायला या आकड्यांमुळे कारण सापडतं.

स्वतःच्या फुप्फुसांपुढे हरलेल्या माणसाचा नियम आज दुसऱ्यांच्या फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताची खबर देतो. हॉस्पिटलचा उपयोग डॉप्लरच्या स्वप्नातही नसणार. तेव्हा कॅम्पसला नाव लागलं नाही म्हणून रूमवर तोंड पाडून बसणाऱ्यांनो, दीड वर्ष सूतगिरणीत खातेवही लिहिणारा तो माणूस आठवा. आणि सुट्टीत घरी गेलात की आजीचा जिना चढतानाचा श्वास जरा लक्ष देऊन ऐका.