हाफकिन साहेब व प्लेगची लस

मुंबईंत परळ येथें हाफकिन संस्था ह्या नांवाची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिचें नांव पुष्कळांच्या कानांवर आलें असेल. परंतु ज्या गृहस्थाचें तें नांव आहे, तो कोण, कोठला, व त्याजवर काय प्रसंग आले, हें थोड्यांसच ठाऊक असतें. गांवोगांवीं टोंचणीविषयीं आजही नाना तऱ्हेच्या शंका निघतात व त्यांस उत्तर देण्याचें काम पुष्कळदां आमच्या उपदेशक बंधूंवर येतें. म्हणून हें चरित्र वाचकांस थोडक्यांत सादर करावें, असें आम्हांस वाटलें.

वाल्देमार हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. हें शहर आज युक्रेन देशांत आहे. त्या काळीं तें रशियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होतें. तेथील विद्यापीठांत त्यांनीं मेचनिकोव्ह नांवाच्या नामांकित गुरूपाशीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. त्या दिवसांत यहूदी लोकांवर दंगेखोरांचे हल्ले होत असत. स्वजनांच्या रक्षणार्थ जे तरुण उभे राहिले त्यांत हाफकिन होते, व त्याबद्दल त्यांस अटकही झाली. पुढें त्यांची विद्या पाहून त्यांस अध्यापकाची जागा मिळाली असती. पण तीसाठीं त्यांनीं राजधर्म स्वीकारावा अशी अट होती. पोटासाठीं धर्म बदलणें त्यांस मान्य झालें नाहीं, व ती जागा गेली. मनापासून पटलेल्या गोष्टीसाठीं ज्यांनीं घरादाराची किंमत दिली आहे, त्यांस ह्या निश्चयाचें मोल विस्तारानें सांगावयास नको.

मग त्यांनीं देश सोडला. प्रथम ते जिनीव्हा येथें गेले, व १८८९ सालीं पॅरिस शहरीं पाश्चर साहेबांच्या संस्थेंत आले. तेथें मिळालेली जागा ग्रंथपालाची होती. पुस्तकें सांभाळून जो वेळ उरे, तो ते प्रयोगांत घालवीत. पटकी, म्हणजे महामारी, हिजवर लस करावी हा त्यांचा ध्यास होता. १८ जुलै १८९२ रोजीं त्यांनीं ती लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. त्यांस ताप आला व उतरला. दुसऱ्यांस जें द्यावयाचें तें आधीं आपण घ्यावें, हा नियम त्यांनीं पुढेंही मोडला नाहीं.

१८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. कलकत्त्याच्या वस्त्यांतून व इतर ठिकाणीं फिरून त्यांनीं हजारों लोकांस पटकीची लस टोंचली. एकाच वस्तींत कांहींनीं लस घेतलेली व कांहींनीं न घेतलेली अशी माणसें असत. त्यांपैकीं किती आजारी पडले ह्याची ते काळजीपूर्वक नोंद ठेवीत. लशीचा गुण बोलण्यानें नव्हे, तर मोजदादीनें सिद्ध व्हावा, अशी त्यांची रीत होती.

इतक्यांत १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग सुरू झाला. तो प्रथम ओळखला डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं. ह्या रोगाचे जंतु दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें सांपडले होते. पण तो एकापासून दुसऱ्यास कसा लागतो हें कोणासही नीट कळलें नव्हतें. सरकारानें घरें धुतलीं, झडत्या घेतल्या, आजाऱ्यांस ओढून इस्पितळांत नेलें व त्यांच्या घरच्यांस छावण्यांत ठेविलें. लोक भयानें शहर सोडून पळाले व पुष्कळांबरोबर रोगही गांवांत गेला. पुण्यास १८९७ सालीं गोरे शिपाई थेट माजघरांत शिरूं लागले, तेव्हां लोकांचा संताप अनावर झाला, व त्याच साली जून महिन्यांत प्लेगचे अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले ह्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां त्यांस तोच रोग जडला, व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. बळजबरीनें जें साधलें नाहीं तें सेवेनें कसें आरंभावें, ह्याचा धडा त्या माउलीनें घालून दिला.

सरकारानें हाफकिन साहेबांस ऑक्टोबर १८९६ मध्यें मुंबईस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत, अगदीं थोड्या हाताखालच्या माणसांनिशीं, त्यांनीं काम आरंभिलें. लस करण्याची कृति अशी होती: बकऱ्याच्या मांसाचा रस करून तो कांचेच्या चंबूंत भरावयाचा, गाईचें किंवा डुकराचें मांस त्यांत नसावें, म्हणजे कोणाच्याही धर्मभावनेस धक्का लागणार नाहीं, ही दृष्टि होती. त्यांत तुपाचे थेंब सोडीत, ते वर तरंगत, व त्यांस धरून प्लेगचे जंतु खालीं लोंबत्या धाग्यांप्रमाणें वाढत. वाढ पुरी झाली म्हणजे तो रस तापवून जंतु मारीत व त्यांत थोडें कार्बोलिक आम्ल घालीत. मेलेल्या जंतूंची ओळख शरीरास झाली म्हणजे जिवंत जंतूंशीं लढण्याचें बळ त्यास येतें, हें ह्या लशीचें तत्त्व होय.

१० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं लशीची मोठी मात्रा स्वतःस टोंचून घेतली. ताप व वेदना सोसून ते बरे झाले. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारें निम्म्या कैद्यांनीं आपखुशीनें लस घेतली. पुढें मृत्यु आले ते लस न घेतलेल्यांत आले. आगाखान ह्यांनीं स्वतः लस घेऊन आपल्या खोजा समाजास धीर दिला, तेव्हां त्या समाजांतील हजारों लोक पुढें झाले. १८९९ सालीं परळच्या जुन्या सरकारी बंगल्यांत प्रयोगशाळा नेण्यांत आली. लस रोग पुरता टाळीत नसे, आणि टोंचल्यावर ताप व सूज येई. तथापि मरणारांची संख्या तिनें पुष्कळ कमी होई.

आतां दुःखाचा भाग सांगावयाचा आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोंचली. थोड्याच दिवसांत त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. ते सर्व एकाच बाटलींतून लस घेतलेले होते. चौकशी मंडळानें दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेविला. कारण त्या सुमारास कार्बोलिक आम्ल घालण्याची रीत सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती. हाफकिन साहेबांस कामावरून दूर करण्यांत आलें. ते मूळचे डॉक्टर नव्हेत, शिवाय परके व यहूदी, हें कांहीं अधिकाऱ्यांच्या मनांत आधींपासून सलत होतेंच.

परंतु त्या दिवशींची एक बारीक गोष्ट नोंदींत होती. बाटलीचें बूच काढावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, व तो नीट उकळून न घेतां नुसता औषधी पाण्यांत बुडवून पुन्हां वापरला होता. धनुर्वाताचे जंतु मातींतच राहतात. लंडनच्या लिस्टर संस्थेनें पुरावा तपासून, दोष गांवीं बाटली उघडतांना शिरला असावा, असा अभिप्राय दिला. हिंवताप कसा पसरतो ह्याचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस व इतर विद्वान ह्यांनीं १९०७ सालीं उघडपणें हाफकिन ह्यांची बाजू मांडली, व त्या वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त ठरले. ते पुन्हां कलकत्त्यास आले खरे, पण पूर्वींचा अधिकार त्यांस परत मिळाला नाहीं. नोकरी संपल्यावर ते युरोपांत राहिले, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें मरण पावले. त्यांच्या हयातींत, १९२५ सालीं, परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. तोंवर तेथून लशीच्या सुमारें २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें सिमों नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालींच दाखविलें होतें. पण तें सर्वमान्य होण्यास बरींच वर्षें लागलीं. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व सुरतेस प्लेगची भीति पुन्हां उठली, तेव्हां उंदीर व पिसवा ह्यांचा बंदोबस्त आणि जंतुनाशक औषधें हीं हातीं होतीं. हाफकिन ह्यांच्या काळीं ह्यांपैकीं औषध तर मुळींच नव्हतें.

ह्या चरित्रांतून दोन गोष्टी आम्हांस घेण्यासारख्या दिसतात. पहिली ही, कीं मुलकोवालचे १९ जीव हे खोटे नव्हते. त्या घरांतील शोक खरा होता, आणि लशीचें नांव काढतांच जे भ्याले त्यांस मूर्ख म्हणणें हा अन्याय होईल. जो शंका घेतो त्यास प्रथम ऐकून घ्यावें, मग समजावून सांगावें. दुसरी ही, कीं घाईनें दिलेल्या दोषानें एका निरपराध माणसाचीं पांच वर्षें गेलीं, व लशीवरील लोकांचा विश्वासही ढळला. वाईट घडलें तर तें लपवूं नये. पण तें कोठें व कसें घडलें ह्याचा शोध पुरा होईपर्यंत कोणाचें नांव चव्हाट्यावर मांडूं नये.

आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस एवढेंच विनवावयाचें आहे. गांवांत टोंचणीसाठीं परिचारिका आली म्हणजे तिला स्वच्छ जागा, उकळलेलें पाणी व साबण द्यावा. सुई नवी व बंद पुडक्यांतील आहे हें पाहावें. आणि आपल्या लेंकरांस घेऊन आपण रांगेंत पहिल्यानें उभें राहावें. हाफकिन साहेबांनीं जें दोनदां केलें, तें आम्हांस एवढ्या लहान रीतीनें तरी करतां येईल.