एका पंगतीची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

आषाढी जवळ आली की माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते. नीरास्नान होते, लोणंदला मुक्काम पडतो, आणि पुढे तरडगाव-फलटणची वाट दिंड्यांनी भरून जाते. त्या वाटेवर कोण कुणाच्या पाया पडला याचा हिशेब कुणी ठेवीत नाही. पण वारी संपवून माणूस गावी परतला, की तीच पंगत पुन्हा तुटते, तोच पाणवठा पुन्हा वेगळा होतो, हे दुःख आपल्या संतांनाही होते. वाळवंटातली ही समता बारा महिने टिकवायची तर ती लहान वयात अंगी मुरली पाहिजे. हे काम या मुलखात ज्या पुरुषाने शाळा आणि बोर्डिंग काढून केले, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी, आजोळी झाला. घराणे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, जैन शेतकऱ्याचे. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती. ते सत्यशोधक विचाराचे, कर्मकांडावर कडाडून बोलणारे. आम्ही त्यांना ओढून-ताणून वारकरी ठरवीत नाही. पण झाडाची ओळख फळावरून करावी, असे आम्हांला वाटते.

कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहात. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, आंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय पंगतीला बसता येणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. पोरगा हट्टी. माणसाच्या जवळ बसून मी बाटलो कसा, एवढंच त्याला कळेना. आंघोळ काही त्याने केली नाही, आणि बोर्डिंग सुटले. पंगतीतून उठवलेल्या मुलाच्या मनाला काय होते, ते भाऊरावांनी असे स्वतःच्या अंगावर घेतले होते. पुढे त्यांनी जी बोर्डिंगं काढली, तिथे तसे एकाही मुलाला होऊ दिले नाही.

शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. त्या निमित्ताने खेडोपाडी पायपीट झाली. घरात हुशार पोर आणि गावात शाळा नाही, शाळा आहे तर पोर उंबऱ्याबाहेर बसलेले, हे त्यांनी जागोजागी पाहिले. दुधगावला त्यांनी मित्रांसह विद्यार्थ्यांची सोय करण्याचा प्रयत्न केला होताच. पुढे दसऱ्याच्या मुहूर्तावर, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराडजवळच्या काले गावी त्यांनी संस्था काढली आणि नाव दिले रयतेचे : रयत शिक्षण संस्था. १९२४ मध्ये संस्थेचा मुक्काम साताऱ्याला हलला. तिथे जे बोर्डिंग सुरू झाले, त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले, आणि १९२७ साली त्याचा नामकरण-समारंभ महात्मा गांधींच्या हातून झाला.

आता या बोर्डिंगात काय चालत असे ते सांगतो, कारण खरे चरित्र तिथे आहे. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एका छपराखाली राहात. भाकरी एका चुलीवर, पंगत एकच. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, शेतातले काम हे सारे मुलांनीच पाळीने करायचे. यात मोठी युक्ती होती. दानावर जगणारे पोर मान खाली घालून राहते. स्वतःच्या घामाची भाकर खाणारे पोर ताठ बसते. आणि आज ज्याने पीठ मळले त्याच्या हातचे सगळ्यांनी खाल्ले, की उद्या त्याची जात विचारायला तोंड उरत नाही. भाऊरावांनी समतेवर व्याख्याने कमी दिली नाहीत, पण मुलांना ती कळली चुलीपाशी.

ही चूल पेटती ठेवणे मात्र सोपे नव्हते. गावोगाव घरातून मूठ-मूठ धान्य गोळा करायचा मुष्टिफंड त्यांनी चालवला. तोही कधी पुरत नसे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे आल्या. बाई सधन घरच्या, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याचा हा खटाटोप पत्करताना त्यांना स्वतःच्या मनाशी किती झगडावे लागले असेल, याचा विचार आमच्या माता-भगिनींनी करावा. तरी त्यांनी सगळ्या जातींची पोरे पोटची मानून वाढली. अंगावरचे दागिने एकेक करून गेले, आणि एके दिवशी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. रयतमाउली असे लोक त्यांना म्हणतात, ते उगीच नव्हे.

बोर्डिंग उभे राहिले, पण खेड्यात जाऊन तीच रीत चालवणारे मास्तर कुठून आणायचे? म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. तिथे तयार झालेले मास्तर, जिथे शाळा नव्हती त्या वाड्या-वस्त्यांवर गेले. १९४० मध्ये सयाजीराव महाराजांच्या नावाने हायस्कूल, १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज, असा विस्तार होत गेला. कमवा आणि शिका ही रीत कॉलेजातही सुटली नाही. १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघाले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. ज्या बाबांनी पंढरपुरात गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधली, खराट्याने गावे झाडली आणि कीर्तनातून पोरं शाळेत घाला म्हणून सांगितले, त्यांचे नाव विद्यामंदिरावर लागले. वारीची वाट आणि शाळेची वाट इथे एकमेकींना भेटल्या.

१९५९ साली सरकारने पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णांनी देह ठेवला. मागे ३८ वसतिगृहे आणि शंभरावर माध्यमिक शाळा होत्या. वडाचे झाड हे संस्थेचे बोधचिन्ह. पारंब्या जमिनीला लागून पुन्हा झाडे झाली.

वाचकांत अनेक मास्तर आहेत, हेडमास्तर आहेत, शाळा-समितीवर बसणारे माळकरी आहेत. त्यांना आमचे हात जोडून सांगणे एवढेच. शाळेचा स्वभाव फळ्यावरच्या सुविचारावरून कळत नाही. नवे पोर पहिल्या दिवशी दारात उभे राहते, तेव्हा त्याला कोण आत घेते, कुणाशेजारी बसवते, दुपारी त्याच्या ताटाकडे कोण पाहते, यावरून तो कळतो. आणि हे वरून ठरते. मोठा गुरुजी ज्याला जवळ करतो, त्याला सगळा वर्ग जवळ करतो. त्याने नाक मुरडले की सगळा वर्ग मुरडतो. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले पोर अर्ध्या वर्षात परत येते, मागे पडलेले, लाजलेले. त्याला नुसते हजेरीत घेऊन भागत नाही, पंगतीत घ्यावे लागते.

वाळवंटात आपण अनोळखी माणसालाही माउली म्हणून हाक मारतो. तीच हाक जूनमध्ये शाळेच्या दारात उभ्या असलेल्या पोराला मारावी. तेवढे झाले, तर अण्णांच्या चुलीतला विस्तव अजून विझला नाही असे आम्ही समजू.

रामकृष्ण हरी.