हिमप्रदेशातील फळबाग

सोलापूरच्या बागाइतदारास दोन गोष्टींची धास्ती असते : उन्हाळ्याची काहिली आणि अपुरा पाऊस. थंडीने झाड मरेल, अशी भीती सहसा त्याच्या मनात येत नाही. परंतु मध्य रशियातील कोझ्लॉव्ह गावची स्थिती नेमकी उलट होती. तेथे हिवाळ्यात जमीन गोठून दगडासारखी होई, पारा शून्याखाली 30 अंशांपर्यंत उतरे आणि झाडांना फुलण्या-फळण्यास मोजकेच महिने मिळत. अशा ठिकाणी मधुर फळे पिकविण्याचा ध्यास इव्हान मिचुरिन यांनी साठ वर्षे बाळगला.

त्यांचा जन्म 1855 साली रियाझान प्रांतात झाला. वडिलांस फळझाडांची आवड असल्याने कलम बांधण्याचे पहिले धडे इव्हानला घरच्याच बागेत मिळाले. आई लहानपणीच वारली. पुढे घरची स्थिती खालावली व शिक्षण अर्धवट राहिले. 1872 साली तो कोझ्लॉव्हच्या रेल्वे कचेरीत दरमहा 12 रूबल पगारावर कारकून झाला.

तीन वर्षांनी मिचुरिन यांनी जमिनीचा एक लहानसा तुकडा भाड्याने घेतला. दिवसा नोकरी करावी, फावल्या वेळी घड्याळे दुरुस्त करावीत आणि उरेल तो पैसा रोपांसाठी वेचावा, असा त्यांचा क्रम होता. 1888 साली गावापासून 7 किलोमीटरवर त्यांनी स्वतःची जमीन घेतली. पण गाडीभाड्यास पैसे उरले नाहीत. तेव्हा घरच्या मंडळींनी रोपे खांद्यावरून वाहून नेली.

आरंभी ते दक्षिणेकडील उंची जातींची कलमे स्थानिक काटक खुंटांवर बांधीत. खुंटाच्या संगतीने नाजूक फांदीही काटक होईल, अशी त्या काळच्या तज्ज्ञांची शिकवण होती. सौम्य हिवाळ्यात ही कलमे तगत. कडक हिवाळा आला की मरून जात. अनेक वर्षांचे श्रम वाया गेले. तेव्हा मिचुरिन यांनी ओळखले, की थंडीला टिकणारे झाड बीपासूनच घडविले पाहिजे.

दुसरा धडा याहून कठीण होता. सुपीक जमिनीत रोपे जोमाने वाढत, पण लाडावल्यासारखी नाजूक राहत. म्हणून 1900 साली, ऐन पंचेचाळिशीत, त्यांनी ती कष्टाने मिळविलेली जमीन सोडली आणि नदीकाठच्या निकस मातीत सारी बाग नव्याने मांडली.

अतिपूर्वेकडील उस्सुरी नदीच्या खोऱ्यात एक रानटी नासपती वाढते. तिचे फळ बेचव. पण थंडीची तिला पर्वा नसते. मिचुरिन यांनी वाढविलेले तिचे झाड 1903 साली प्रथम फुलले. त्याच्या फुलांवर त्यांनी दक्षिणेकडील मधुर नासपतीचे पराग ठेविले. त्या बियांतून निवडलेल्या एका रोपाने अखेर थंडी सोसून मोठी, रसाळ फळे दिली. याच रीतीने सफरचंद, चेरी, द्राक्षे इत्यादींच्या 300 हून अधिक जाती त्यांनी तयार केल्या.

1918 साली त्यांची रोपवाटिका सरकारी झाली आणि तिची व्यवस्था त्यांच्याचकडे राहिली. 1932 साली, ते हयात असतानाच, कोझ्लॉव्हचे नाव मिचुरिन्स्क झाले. 7 जून 1935 रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे लायसेन्को याने त्यांच्या नावाच्या आधारे चुकीची मते रशियात लादली आणि अनेक खऱ्या शास्त्रज्ञांचा छळ झाला. स्वतः मिचुरिन यांचेही काही सिद्धांत शास्त्राच्या कसोटीस उतरले नाहीत. त्यांची झाडे मात्र हिवाळ्याच्या कसोटीस उतरली.

रानटी झाडाचा गुण हेरून त्याचा उत्तम जातीशी संकर करण्याचा मार्ग आपल्याकडेही अनुसरला गेला आहे. सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 2017 साली 'सोलापूर लाल' ही संकरित जात दिली. तिच्यात लोह व जस्त अधिक असते. तिच्या पूर्वजांत 'भगवा' आणि 'गणेश' यांबरोबर हिमालयातील 'दारू' हे रानटी, आंबट डाळिंबही आहे. डोंगरउतारावरील ते उपेक्षित झुडूप अशा प्रकारे सोलापूरच्या उन्हातील बागेच्या कामी आले.