कॅथरिन ब्लॉजेट: चष्म्याच्या कोटिंगमागची शास्त्रज्ञ

चष्म्याच्या दुकानात हल्ली आपण सहज अँटी-ग्लेअर कोटिंगची लेन्स मागतो. या कोटिंगच्या सुरुवातीला जिचं मोठं काम आहे, तिची गोष्ट आज सांगतो.

कॅथरिन ब्लॉजेट यांचा जन्म १० जानेवारी १८९८ रोजी अमेरिकेतल्या स्केनेक्टडी शहरात झाला. वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पेटंटचे वकील. लेकीच्या जन्माआधी काही आठवडेच घरात शिरलेल्या चोरानं त्यांना गोळी घातली. पुढे १९१८ मध्ये कॅथरिन त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या, तिथल्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ म्हणून. १९२६ मध्ये केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच महिला.

अर्विंग लँगम्युर यांच्यासोबत त्या पाण्यावर तरंगणाऱ्या, एका रेणूइतक्या पातळ थरांवर काम करत. काच पाण्यात बुडवून बाहेर काढली की तो थर काचेवर चढतो. पुन्हा बुडवली की दुसरा. साधी काच प्रत्येक बाजूनं सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. १९३८ मध्ये कॅथरिननी बेरियम स्टिअरेटचे ४४ थर चढवून ही चमक जवळपास घालवली. थरांची एकूण जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण पाव भाग. त्यामुळे थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना रद्द करतात आणि ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश आरपार जातो.

पण बेरियम स्टिअरेट म्हणजे एक प्रकारचा साबणच! नुसतं पुसलं तरी थर निघायचा. त्याच सुमारास इतर संशोधकांनी निर्वात पेटीत फ्लोराइडचे टणक थर चढवले. आजची कोटिंग त्या वाटेनं आली. कॅथरिन १९७९ मध्ये गेल्या.

आजचा थर टणक असला तरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळच आहे. मी राहतो त्या उल्हासनगर कॅम्प २ मध्ये कापडाचा धंदा मोठा, त्यामुळे चष्मा पुसायला चिंधी कायम हाताशी. कापड मऊ असतं, पण लेन्सवर बसलेली धूळ मऊ नसते. कोरडं घासलं की तीच धूळ कोटिंगवर ओरखडे पाडते. शिलाईवर पोट असणाऱ्याला मग दिव्याखाली सुईचं नेढंही धूसर दिसतं, आणि नव्या लेन्सचा खर्च अंगावर पडतो.

म्हणून आधी लेन्स नळाखाली धरा. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटांनी हलकेच फिरवा, धुवा, मग स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपा. गरम पाणी, ॲसिटोन आणि अमोनियावाला काच-क्लीनर टाळा. उन्हात उभ्या गाडीत चष्मा ठेवू नका: तापल्यावर प्लॅस्टिक कोटिंगपेक्षा जास्त फुगतं आणि कोटिंगला बारीक तडे जातात. तडा गेलेलं कोटिंग कितीही पुसलं तरी पूर्ववत होत नाही.