हळदोण्याचे आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट

ज्युबिलीच्या पुस्तिकेत धर्मगुरूंची व धर्मग्रामाच्या उपकारकर्त्यांची चरित्रे यावीत, हे योग्यच आहे. तथापि देवळातील गायनवृंदाच्या सज्ज्यावर जी विद्या मिळते, त्याच विद्येच्या बळावर हॉटेलांच्या नृत्यगृहांत आणि तेथून हिंदी चित्रपटांच्या दुनियेत गेलेल्या एका गृहस्थाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटले. त्यांचे नाव आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्यांस चिक चॉकलेट या नावाने ओळखीत. त्यांच्या हाताखालून गेलेले संगीत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहे; नाव मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

त्यांचा जन्म इ. स. 1916 साली गोमंतकातील बारदेस तालुक्यात, हळदोणे गावी झाला. म्हापशाच्या नदीकाठी असलेले तेथील संत थॉमसचे देऊळ 1596 सालचे आहे. त्या काळी गोव्यात धर्मग्रामाला जोडून शाळा असे व तीत मेस्त, म्हणजे गायनगुरू, मुलांस संगीत शिकवीत. पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचावयाचे, ते तालात म्हणावयाचे, व्हायोलिनवर हात बसवावयाचा आणि रविवारी मिस्सेला लॅटिन गीते चार आवाजांत गावयाची, असा तो क्रम. गरिबाच्या मुलास ही विद्या फुकट मिळे. गोव्याबाहेर पोटासाठी गेलेल्या हजारो तरुणांस तिनेच भाकरी दिली.

आंतोनियो यांची आरंभीची तालीम अशाच शाळेत झाली. मुलाने यंत्रदुरुस्तीचे काम शिकून अब्रूने चार पैसे मिळवावेत, अशी त्यांच्या मातेची इच्छा होती असे सांगतात. तिला दोष देण्याचे कारण नाही. वाजंत्र्याच्या धंद्यात पेन्शन नाही, रात्रीचे जागरण आहे आणि नृत्यगृहातील संगीताकडे सभ्य समाज तेव्हा वाकड्या नजरेने पाही. पण मुलाचे चित्त ट्रंपेटात गुंतले होते.

मुंबईत त्या सुमारास नवे वारे वाहू लागले होते. जॅझ नावाचे संगीत अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत, त्यांची भजने, श्रमगीते व बँडची वाद्ये यांच्या मिलाफातून जन्मास आले. 1935 साली लिऑन ॲबी हे आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्वदेशात ज्यांस वर्णभेदाचे चटके सोसावे लागत, त्यांस येथे मान मिळाला. आणि गोव्याच्या तरुणांस येथेच गुरू मिळाले. आमच्या या मुलांस कागदावरचे स्वर अचूक वाजवता येत होते. परंतु जॅझमध्ये कागदावर नसलेले, जागच्या जागी स्फुरलेले वाजवावे लागते. गवई बंदिश सोडून तान घेतो, तसाच हा प्रकार होय. ही मोकळीक त्यांनी त्या पाहुण्यांपासून उचलली.

वाझ यांचे दैवत होते लुई आर्मस्ट्राँग. 1901 साली न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेला हा गरिबाचा मुलगा सुधारगृहात कॉर्नेट शिकला आणि जगातील श्रेष्ठ ट्रंपेटवादक झाला. वाझ यांनी त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याची वाजविण्याची धाटणी व त्याचा घोगरा गाता आवाज इतका आत्मसात केला की, लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. 1945 साली त्यांच्या म्युझिक मेकर्स या वाद्यवृंदाने इतर अनेक वाद्यवृंदांस मागे सारून ग्रीन्स हॉटेलातील नेमणूक मिळविली. हे हॉटेल ताजच्या शेजारी होते. त्याच्या जागी आज ताजची उंच इमारत उभी आहे.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. मुंबई परदेशी शिपायांनी भरून गेली होती व नृत्यगृहे ओसंडत होती. आपण ज्यास आज उल्हासनगर म्हणतो, तेही तेव्हा कल्याणची लष्करी छावणी होते. कॅम्प हा शब्द आपल्या पत्त्यात राहिला तो त्याच छावणीमुळे. युद्ध संपले, शिपाई गेले, इंग्रज गेले. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांच्या रात्री ओस पडू लागल्या. ट्रंपेटावर पोट असणाऱ्यांनी आता जावे कोठे?

चित्रपटसृष्टीने त्यांस दार उघडले. तेथे संगीत दिग्दर्शक चाल बांधी व पेटीवर गाऊन दाखवी. परंतु पन्नास वादकांनी एकाच वेळी काय वाजवावे, व्हायोलिनांनी कोठे उठावे, ट्रंपेटाने कोठे उत्तर द्यावे, हे कोणीतरी लिहून द्यावे लागे. हे काम गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी केले. देवळात चार आवाजांत गाण्याची जी सवय त्यांस लागली होती, तीच येथे उपयोगी पडली. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आदी मंडळी याच कामात नावारूपास आली. तरी पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव येई ते एकट्या संगीत दिग्दर्शकाचे. यांच्या वाट्यास फार तर साहाय्यक म्हणून एक ओळ येई, व पुष्कळदा तीही नसे. चाल बांधणाऱ्याचे श्रेय आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ज्याने घर सजविले त्याचेही नाव दारावर असावे, इतकेच आमचे म्हणणे.

वाझ यांचा विशेष संबंध आला तो पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्याशी. एक मराठी व एक गोमंतकीय, अशा या जोडीने हिंदी गीतांत पाश्चात्त्य ताल व ट्रंपेटाचा डौल असा मिसळला की, तो परका वाटेना. 1951 साली भगवानदादांचा अलबेला आला. त्यातील एका नृत्यगीतात झालरीचे सदरे घातलेला चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. उल्हासनगरास नाव मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि सिंधहून आलेले निर्वासित बांधव येथील बराकींत नवे संसार मांडीत होते. त्याच वर्षी देव आनंद व मधुबाला यांच्या नादान या चित्रपटास वाझ यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. येथे मात्र त्यांचे नाव संगीत दिग्दर्शक म्हणून झळकले. परंतु तो मान त्यांस पुढे क्वचितच लाभला.

त्यांच्याविषयी एक आक्षेप घेतला जातो, तो असा की, त्यांनी दुसऱ्याची नक्कल केली. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. आर्मस्ट्राँगचे नाव ही त्यांची शोभा होती, तशी बेडीही होती. कारण लोक त्यांच्याकडे वाझ ऐकावयास नव्हे, तर आर्मस्ट्राँग ऐकावयास येत. परंतु शिष्य प्रथम गुरूच्याच वाटेने चालतो. अलबेलातील ट्रंपेट ऐकणाऱ्यास कळून येईल की, ते ना न्यू ऑर्लिन्सचे आहे, ना निव्वळ हिंदुस्थानी. ती तिसरी वस्तू मुंबईतच घडली, आणि ती घडविण्यात या गृहस्थाचा वाटा मोठा आहे.

1967 सालच्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एक्कावन्न वर्षांचे. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईच्या हॉटेलांतील जुने वाद्यवृंद मागे पडत गेले, आणि कालांतराने चित्रपटांतील मोठ्या वाद्यमेळांची जागाही विजेच्या यंत्रांनी घेतली.

वाचकहो, हळदोण्याच्या शाळेत स्वर गिरविणाऱ्या मुलाचे पुढे काय होणार, हे त्याच्या मेस्ताससुद्धा ठाऊक नसेल. आपल्या गायनवृंदात आज जी मुले स्वरलिपी शिकण्याचा कंटाळा करतात, त्यांस हे चरित्र अवश्य वाचून दाखवावे. आणि घरी अलबेलाची गाणी लागली, तर गाणाऱ्यांच्या मागे जे ट्रंपेट वाजते, त्याच्या धन्याचे नाव मुलांस सांगावे. मुंबईच्या स्टुडिओंत ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या सर्व वादकांच्या वतीने आम्ही एवढेच मागतो.